यंत्रे असताना नाक कशाला?

मसाल्याच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते असे सांगितले, की बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एवढी महागडी यंत्रे तुमच्याकडे आहेत, मग वास घ्यायला माणसे कशाला बसवता? त्याला जोडून बहुधा अशीही टिप्पणी येते, की माणसाच्या नाकात आहेच काय, वास घ्यावा तर कुत्र्याने. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते, आणि सुरुवात टिप्पणीपासून करते, कारण तो गैरसमज दूर झाल्याशिवाय प्रश्नाचे उत्तर पटणार नाही.

हा गैरसमज जुना आहे आणि चांगल्या घराण्यातला आहे. फ्रान्समधील शरीररचनाशास्त्रज्ञ पॉल ब्रोका यांनी १८७९ मध्ये सस्तन प्राण्यांचे दोन गट पाडले, वासावर अवलंबून असणारे आणि तसे नसणारे, आणि माणसाला दुसऱ्या गटात बसवले. त्यासाठी त्यांनी कोणाला काही हुंगायला दिले नव्हते. माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग मोठा आणि त्यामानाने वासाचे संदेश प्रथम घेणारा गंधकंद लहान, एवढ्यावरच हा निर्णय झाला. अमेरिकेतील संशोधक जॉन मॅकगॅन यांनी २०१७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात या समजुतीचा समाचार घेतला. गंधकंद लहान दिसतो तो उरलेल्या मेंदूशी तुलना केल्यामुळे. प्रत्यक्ष आकारात तो उंदराच्या कंदापेक्षा कितीतरी मोठा आहे. वास ओळखणाऱ्या ग्राहींच्या, म्हणजे नाकात वासाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये लावला आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. अशी कार्यरत जनुके माणसात सुमारे ४०० आहेत, कुत्र्यात ८००च्या आसपास. कुत्रा पुढे आहे हे मान्यच. पण त्यावरून माणूस नापास ठरत नाही. अमेरिकेतील बर्कलेच्या विद्यापीठात तर डोळे आणि कान झाकलेल्या माणसांना गवतावर रांगायला लावून चॉकलेटच्या वासाचा माग काढायला सांगितले होते. त्यांतील दोनतृतीयांश जणांना तो काढता आला, आणि सरावाने त्यांचा वेग दुपटीहून अधिक वाढला.

आता यंत्राविषयी. आमच्या कामातले मुख्य यंत्र म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. मसाल्याच्या अर्कातील वाफ त्यातील सुमारे तीस मीटर लांबीच्या अतिशय बारीक नळीतून जाते, वाटेत तिचे घटक एकमेकांपासून सुटे होतात आणि आपापल्या वेळेला बाहेर पडतात. जो घटक जास्त, त्याचे पडद्यावर उमटणारे शिखर उंच. धण्यांचा नमुना लावला तर लिनॅलूल या त्यांच्यातील मुख्य सुगंधी घटकाचे शिखर इतरांना खुजे करून टाकते. या नळीच्या शेवटी दोन फाटे काढून एक यंत्राच्या मोजणीकडे आणि दुसरा काचेच्या छोट्या नरसाळ्याकडे नेण्याची सोय असते, आणि त्या नरसाळ्याशी एक माणूस नाक लावून बसतो. नाक कोरडे पडू नये म्हणून तेथे ओलसर हवा सोडलेली असते. बसणाऱ्याचे काम एवढेच, की जेव्हा जे जाणवेल ते बोलायचे: आता फुलासारखे, आता करपट, आता ओल्या गोणपाटाचा कुबट वास, आता काही नाही.

हे जो पहिल्यांदा पाहतो त्याचा यंत्रावरचा विश्वास किंचित हलतो. पडद्यावर डोंगराएवढे शिखर उभे राहत असते आणि नरसाळ्याशी बसलेला माणूस गप्प असतो. उलट रेषा अगदी सपाट असताना तो मध्येच तोंड वाकडे करून ‘खवट’ म्हणतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. यंत्र पदार्थाचे प्रमाण मोजते, आणि वासाचा जोर केवळ प्रमाणावर ठरत नाही. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, त्यातील एक मुख्य घटक म्हणजे मातीतील जिवाणूंनी तयार केलेले जिओस्मिन. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी आपल्याला ते कळते. ज्या नाकाला हे जमते त्याला निकामी म्हणणे हा मला तरी कृतघ्नपणा वाटतो. घरच्या गॅसची गळती यंत्राशिवाय आपल्याला समजते तीही याच जोरावर. त्या गॅसला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात गंधकयुक्त मरकॅप्टन अगदी थोडेसे मिसळलेले असते.

नाकाची एवढी वकिली केल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आमचे निम्मे काम तिच्याच बंदोबस्ताचे आहे. नाक कधी एकटे साक्ष देत नाही. डोळ्यांनी काय पाहिले आणि कानांनी कोणते नाव ऐकले, हे वास मनात पोहोचण्याआधीच त्यात मिसळते. बेडगी मिरचीची पूड ताटलीत ठेवली की तिचा लालभडक रंग पाहूनच लोक ‘जहाल दिसते’ म्हणतात; वास्तविक बेडगी रंगासाठी प्रसिद्ध आहे आणि तिखटपणात मवाळ. फ्रान्समधील बोर्दो येथे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेल्या रंगाने लाल करून दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनसाठी वापरायच्या शब्दांत केले. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ रेचेल हर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले, की दोन आम्लांचे एकच मिश्रण ‘चीज’ म्हणून हुंगायला दिले तर लोकांना आवडते आणि ‘ओकारी’ म्हणून दिले तर त्यांना किळस येते. म्हणूनच आमच्या चाचणीच्या खोलीत लाल दिवे लावलेले असतात, जेणेकरून पुडीचा रंग कळू नये. नमुन्यांवर नावाऐवजी तीन आकडे असतात. आणि बसणाऱ्यांमध्ये आडपडदा असतो, कारण शेजाऱ्याची एक भुवई वर गेली तरी निकाल बदलू शकतो.

शिवाय प्रत्येकाचे नाक वेगळे. कोथिंबिरीला साबणाचा वास येतो म्हणणारे लोक नाटक करत नाहीत. त्यातील काहींच्या बाबतीत तरी गंधग्राहीच्या एका जनुकाजवळचा फरक त्याच्याशी संबंधित असल्याचे २०१२ मध्ये आढळले आहे. म्हणून आम्ही कधीही एका नाकावर निर्णय सोपवत नाही.

चवीच्या तपासणीलाही नाकच का लागते, असे विचारणाऱ्यांना मी एक चिमूट जिरे देते. नाक दाबून ते चावले तर थोडा कडवटपणा आणि चोथा, इतकेच हाती लागते. नाक सोडताच घशामागून वर जाणाऱ्या श्वासाबरोबर जिरे जिऱ्यासारखे लागू लागते.

राहिले ते इलेक्ट्रॉनिक नाक, म्हणजे संवेदकांनी वासातील फरक टिपणारे यंत्र. ते आहे, उपयोगी आहे, आणि रात्रपाळीत कंटाळत नाही. आजचा माल कालच्यापेक्षा वेगळा आहे हे ते चटकन सांगते. परंतु हा वेगळेपणा गिऱ्हाईक डबा परत करील इतका आहे की कोणाच्या लक्षातही येणार नाही इतका, हे त्याला आधी कोणीतरी शिकवावे लागते, आणि ते शिकवण्यासाठी माणसांनी हुंगून दिलेले निकालच वापरावे लागतात.

एवढे ऐकल्यावर काही जण हळूच विचारतात, की मग हे काम आम्हाला जमेल का. बहुतेकांना जमते. कोविडने ज्यांचा वास गेला होता, त्यांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग दिवसातून दोनदा हुंगण्याचा सराव डॉक्टरांनी सांगितलेला तुम्ही ऐकला असेल. जर्मनीतील थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली ती पद्धत. निरोगी नाकही सरावाने सुधारते. निवड करताना आम्ही फार तीक्ष्ण नाक शोधतही नाही. एकच नमुना दोन निराळ्या आकड्यांखाली गुपचूप ठेवतो आणि दोन्ही वेळा उत्तर तेच येते का ते पाहतो. ज्याचे येते त्याला घेतो, मग त्याला कोथिंबीर साबणासारखी का लागेना.