बाईंची पेन्सिल

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहाल का, असा समितीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. ‘लिहिते’ म्हटलं, फोन ठेवला, आणि त्यानंतर मीटिंगमध्ये काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही. डोळ्यांपुढे शास्त्राच्या बाई उभ्या होत्या. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत ‘शास्त्राच्या बाई’ म्हटलं की त्याच.

१९८९ साल, आठवी ब. ‘संतुलित आहार’ हा धडा संपवून बाईंनी घरचा अभ्यास दिला, तीन दिवस काय काय खाल्लं ते वहीत लिहून आणा. आमच्या घरी खाणावळ होती. १९८२च्या गिरणी संपानंतर बरेच मेंबर गावी गेले ते परतले नाहीत, तरी दहा-बारा जण दोन्ही वेळा जेवायला असत. खाणावळवालीची पोरगी, हिला खायला काय तोटा, असं वर्गात सगळ्यांना वाटायचं. खरं तर मेंबर उठल्यावर पातेल्यात उरेल ते आमचं जेवण. भात आणि आमटीचं वरचं पाणी, बहुतेक रोज. ते लिहायची लाज वाटली. मी पुस्तक समोर ठेवून सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं : सकाळी दूध व अंडे, दुपारी पोळी, पालेभाजी, कोशिंबीर, संध्याकाळी एक फळ.

वही परत आली तेव्हा पानावर लाल शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. तळाशी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘अक्षर छान. पण हे पुस्तकातलं आहे, ते मला पाठ आहे. तुझं लिही. मार्क जाणार नाहीत.’ मधल्या सुट्टीत जिन्यात भेटल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, “पेन्सिलीनं लिहिलंय गं. कुणी बघेल असं वाटलं तर खोडून टाक.”

मी खोडलं नाही. खरं लिहून नेलं. दुसऱ्यांदा वही आली तेव्हा खाली एकच ओळ होती : ‘आई कधी जेवते?’

ती ओळ मी आईला वाचून दाखवली. ती पोळपाट धूत होती. “तुझ्या बाईंना काय करायचंय?” म्हणाली, आणि धुतलेला पोळपाट कितीतरी वेळ पुसत राहिली. त्या रात्री पंगत बसायच्या आधी तिनं वाटीभर मटकीची उसळ काढून फडताळात झाकून ठेवली. पुढे रोज ठेवू लागली, आम्हा दोघींसाठी.

मी या क्षेत्रात आले ती त्या वाटीमुळे. गृहविज्ञानाची पदवी घेतली, बरीच वर्षं हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून काढली आणि २०१७ मध्ये, घरचे नको म्हणत असताना, मोबाइलवरून आहारसल्ला देणाऱ्या एका नव्या कंपनीत गेले. आज तिथल्या आहार विभागाची मी प्रमुख आहे. ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात. आमचे मेंबर अशाच आवारांत पाळ्या करून जेवायला यायचे.

सुरुवातीला आमचं घोडं वाटीवरच अडलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये ५२८ खाद्यपदार्थांतल्या पोषक घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले होते, त्यांचा मोठा आधार होता. पण तक्त्यात तूरडाळ सापडते, आमटी नाही. ती कृतीवरून मांडावी लागते, आणि कुणाची आमटी दाट, कुणाची पाण्यासारखी. शिवाय ‘एक वाटी’ म्हणजे किती? आम्ही आपापल्या घरच्या वाट्या आणून पाण्यानं मोजल्या. दोन घरांच्या वाट्यांत दुपटीचा फरक निघाला.

तेव्हा ॲपमध्ये ठरलेल्यापेक्षा जास्त खाल्लं की आकडा लाल व्हायचा. एक निवृत्त बस कंडक्टर मधुमेहासाठी आमच्याकडे होते. रोज लिहायचे, पोळी-भाजी, ताक. दंडावर साखरेचा सेन्सर लावला होता, आणि त्याचा आलेख रोज संध्याकाळी पाचनंतर उंच चढायचा. मी फोन केला. काय खाता हे विचारलंच नाही. “काका, पाचच्या चहाला कोण कोण असतं सोबत?” म्हटलं. काका खुलले. नाक्यावरचे जुने दोस्त, गोड कटिंग आणि वडापाव. मग म्हणाले, “लिहिलं असतं तर लाल झालं असतं ना, मॅडम.”

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी लाल रंग काढा म्हणून भांडले. लाल दिसल्याशिवाय लोक सुधारत नाहीत, असं तरुण मंडळींचं म्हणणं होतं. मी त्यांना बाईंची पेन्सिल सांगितली. रंग गेला. काका वडापावसुद्धा लिहू लागले, मग तो रोजचा आठवड्यातून एकदा करता आला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी त्यांची एचबीएवनसी पुढच्या तपासणीत उतरली होती.

हिमोग्लोबिन १२च्या खाली, म्हणजे रक्त कमी असलेल्या बायका येतात. जेवणावर लगेच चहा नको, पालेभाजीवर लिंबू पिळा, हे आम्ही सांगतोच. पण त्याआधी आमच्या प्रश्नावलीत एक प्रश्न येतो : घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? तो मी घातला आहे. उत्तर देताना कित्येकजणी थांबतात, फोनवर ते थांबणं ऐकू येतं.

हे सगळं बाईंना सांगायचं राहून गेलं. नोकरी, मुलं, आज जाऊ, उद्या जाऊ, आणि एक दिवस त्या गेल्याचंच कळलं. ही खंत माझ्या मनातून जात नाही. मागच्या वर्षी शाळेत आले होते. आमच्या वेळी आठवीच्या चार तुकड्या होत्या, आता एकच उरली आहे हे ऐकून पोटात कालवलं. प्रयोगशाळेतलं बाईंचं टेबल मात्र अजून तिथंच आहे, त्याच खिडकीखाली.

महोत्सवात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडणार असल्याचं समितीनं कळवलं आहे. माझी ती वही मी आणून देते. ते पान तेवढं उघडं ठेवा, आणि काचेवर हात टेकवून वाकल्याशिवाय वाचता येणार नाही हे येणाऱ्यांना सांगा. पेन्सिल आता फार पुसट झाली आहे.