एलओआरसाठी सांगलीच्या दोन चकरा

"एचओडींचं (विभागप्रमुखांचं) लेटर लागतंच," असं मला तीन सीनियरनी सांगितलं होतं. लागत नाही. अमेरिकेत एमएसला बहुतेक विद्यापीठं तीन शिफारसपत्रं (एलओआर) मागतात, पण लिहिणाऱ्याची खुर्ची केवढी यापेक्षा त्यानं तुमचं काम किती जवळून पाहिलंय याला वजन असतं. हे कळेपर्यंत माझी एक रजा गेली होती.

डिसेंबरचा पहिला आठवडा. स्वारगेटहून पहाटेची एसटी, अकराला सांगली. तिथून कॉलेज बारा किलोमीटर. रिक्षावाल्यानं चारशे सांगितले आणि घाईत मी दिले. येताना वडापनं, म्हणजे शेअर गाडीनं, चाळीस रुपयांत आलो. वडापनंच जा.

साडेअकरा ते सव्वातीन मी एचओडींच्या केबिनबाहेरच्या बाकावर होतो. आत गेल्यावर सरांनी विचारलं, "कुठली बॅच?" आणि क्लार्ककडे पाठवलं. क्लार्कनी जुनी फाइल उघडून नाव बदललं. दुसऱ्या परिच्छेदात 'हर प्रोजेक्ट' (तिचा प्रोजेक्ट) तसंच राहिलेलं; मी दाखवलं तेव्हा दुरुस्त झालं. दोन लेटरहेडचे हजार रुपये घेतले, पावती नाही. आणि तो कागद कुठेच चालला नाही! फॉर्ममध्ये आपण दिलेल्या शिक्षकांच्या ईमेलवर विद्यापीठ थेट लिंक पाठवतं आणि ते तिथेच पत्र चढवतात. लेटरहेडला एक रुपयाही देऊ नका.

त्या दिवशी बाकी स्टाफ पेपर तपासायला कॅपला गेलेला. फोन न करता गेलो ही माझी चूक. नोव्हेंबर-डिसेंबरात ओरल, कॅप, सगळं एकदम येतं आणि बऱ्याच विद्यापीठांची मुदत 15 डिसेंबरच्या आसपास असते. गणपती झाले की लगेच विचारा, दिवाळीआधी लिंक पाठवून मोकळे व्हा.

पुढच्या शनिवारी प्रोजेक्ट गाइड मॅडमना फोन करून गेलो. त्यांच्या विषयात मी जेमतेम पास होतो, म्हणून आधी त्यांचं नावच धरलं नव्हतं. त्यांनी कपाटातून आमचा काळ्या बाइंडिंगचा रिपोर्ट काढला आणि हीट एक्स्चेंजरच्या रीडिंगचं पान उघडलं. "हे रीडिंग चुकलंय म्हणून तू सुट्टीच्या दिवशी येऊन सगळा सेट परत घेतला होतास. तेच लिहिते." मला बोलता येईना. अशी एक गोष्ट ज्यांना तुमच्याबद्दल सांगता येते, त्यांनाच पत्र मागा. मार्क मार्कशीटवर असतातच.

"तूच ड्राफ्ट आण," असं कुणी म्हणालं तर पत्र लिहून देऊ नका. तिन्ही पत्रांची भाषा एकच येते आणि ते लगेच ओळखू येतं. एका पानावर मुद्दे द्या: कुठलं काम, कधी, काय अडलं, कसं सोडवलं. फॉर्ममध्ये फेर्पाचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलच्या अमेरिकी कायद्याचा, प्रश्न येतो. 1974 च्या त्या कायद्यानं प्रवेश घेतल्यावर पत्र पाहायचा हक्क मिळतो, तो सोडल्याची खूण करा. विद्यार्थी वाचणार नाही म्हटल्यावर पत्रावर जास्त विश्वास बसतो.

लिंक शिक्षकांच्या कॉलेजच्या ईमेलवर पाठवा, पण तो चालू आहे का ते समोर बसून पाहा. मॅडमचा मेलबॉक्स भरलेला होता. जागा मोकळी करून लिंक परत पाठवली, तर ती स्पॅममध्ये सापडली. यात पाऊण तास गेला. फोनवर हे जमलं नसतं.

दुसरं पत्र लॅबच्या सरांनी, तिसरं ऑफिसातल्या मॅनेजरनी दिलं. मॅडमचं पत्र 13 तारखेला रात्री अकराला चढलं. पोर्टलवर 'रिसीव्ह्ड' दिसल्यावर पहिला फोन त्यांनाच केला.