सशाचा एक कान

आज दिवसभर एकाच चौकटीवर अडकून होते. माझ्या वेबकॉमिकमधला कारकून ससा रात्री दप्तरखान्यात एक फाईल उघडतो. गायब झालेले सगळे उंदीर त्यात ‘स्थलांतरित’ म्हणून नोंदवलेत, सगळ्या नोंदी एकाच हाताच्या, शाईसुद्धा एकच. एवढंच दाखवायचं होतं, पण चेहरा काही जमेना. भुवया काढल्या की माणूस वाटतो, नाही काढल्या तर नुसता गोंडस. शेवटी त्याला पाठमोरा बसवला आणि एकच कान मागे वळवला. ससे खरंच दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरवतात. दाराशी कुणीतरी आहे, हे एका शब्दाविना कळलं!

प्राणी घेतले की काम सोपं, असं लोकांना वाटतं. आर्ट स्पीगलमनच्या ‘माउस’ या ज्यूंच्या छळावरच्या चित्रकादंबरीला १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. त्यात ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र आठवतात ते पोलिश म्हणून खपण्यासाठी डुकराचा मुखवटा बांधलेले उंदीर. मुखवट्याची दोरी मागून दिसते.

माझा खलनायक कालपर्यंत कोल्हा होता. पंचतंत्रापासून बिचारा तेच करतोय. आज त्याला काढून खातेप्रमुखाच्या खुर्चीत मेंढी बसवली. शांत, चष्मेवाली, सही करताना जिभेचं टोक बाहेर काढणारी. तिचीच जास्त भीती वाटतेय.

रात्रीचे दोन वाजलेत. फाईल आणि दार यांच्यामध्ये काळी पोकळी किती सोडू? जरा जास्तच सोडते. वाचकाचा अंगठा तेवढा वेळ अंधारात सरकू दे.