तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा कॉम्प्युटर डिलीट करताना मधेच का विचारतो

प्रिंट काढायला येणारे विचारतात, नणंद विचारते, भाचा तर निपाणीहून आला की पहिलं तेच, काय ओ मामी, एक फाईल उडवायची तर मधेच ते खोकं का येतं, नक्की डिलीट करायचं का म्हणून, आणि ती रिसायकल बिन बघा की कशी भरलीय, रिकामी का करत नाही. दरवेळी मी तोडकंमोडकं काहीतरी सांगते आणि विषय बदलते. आता एकदा नीट लिहिते, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

ते खोकं म्हणजे बिघाड नाही, मीच मुद्दाम चालू ठेवलंय. विंडोज 7 पर्यंत ते मुळातच चालू असायचं, 8 पासून मायक्रोसॉफ्टनं बंद करून दिलं, कारण फाईल रिसायकल बिनमध्येच जाते, लागली तर परत काढता येते, मग विचारायचं कशाला. बिन चालू असेल तर हे बरोबरच आहे. पण बिनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथं प्रत्येक ड्राइव्हचं सेटिंग वेगळं असतं, आणि एक पर्याय असा असतो की फाईल बिनमध्ये टाकूच नका, थेट काढून टाका. तो निवडलेला असला आणि खोकंही बंद असलं की डिलीट दाबलं म्हणजे संपलं, विचारणं नाही, मागं काही उरणं नाही. आमच्या सी ड्राइव्हला तेच करून ठेवलेलं होतं आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

केलं होतं दुकानातल्या पोरानं. कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून दिला होता तेव्हा त्यांनी 120 जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान अशी चिपवाली डिस्क, घालून विंडोज त्यावर टाकलं आणि जुनी हार्डडिस्क डी म्हणून ठेवली, मग ती एसएसडी सारखी भरायला लागली म्हणून परत नेला, तेव्हा जागा वाचावी म्हणून त्यानं हे केलं. वाईट मनानं केलं असं मी म्हणत नाही. पण सांगायला काय झालं होतं? एक वाक्य.

आता आम्हाला हे कळलं कसं, ते वहीचं. मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, वडिलांची भजनाची वही होती, आमच्या वडगावच्या घरात ट्रंकेत ठेवलेली. ह्यांनी कधीतरी हौसेनं तिच्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. मग 2019 च्या ऑगस्टमधल्या त्या पावसात खालच्या खोलीत पाणी आलं आणि वहीची पानं एकमेकांना चिकटून शाई सगळी पसरली. तेव्हापासून वही म्हणजे ते फोटोच.

डेस्कटॉपवर दोन फोल्डर होते, 'वही' आणि 'वही नवीन'. नवीन म्हणजे ह्यांनी फोटो सरळ करून, कडा कापून ठेवायला घेतले होते ते, अर्ध्यावर राहिलेले. दिवाळीला नणंद आली, तिला मोबाईलमधले फोटो उतरवायचे होते, जागा नाही असा मेसेज आला, तिनं दोन्ही फोल्डर उघडून बघितले, सुरुवातीची पानं तीच ती दिसली, म्हणून जुना वाटला तो काढला. मला तिनं स्वतःच सांगितलं, वहिनी तो जास्तीचा उडवला ओ, आणि मी म्हटलं असूदे की, बिनमध्ये असेल. बिन उघडली तर रिकामी. मी परत बंद करून परत उघडली, काय होणार होतं त्यानं, पण उघडली.

खडेबाजारात एकाकडे घेऊन गेलो. त्यानं कुठल्या ड्राइव्हवर होतं विचारलं आणि सी म्हटल्यावर लगेच म्हणाला, होत्री अक्का, गेलं ते, एसएसडी आहे. हार्डडिस्कवर डिलीट केलं तरी त्या जागेवर दुसरं काही लिहीपर्यंत मजकूर तसाच पडून असतो, पण एसएसडीला विंडोज लगेच कळवतं की ही जागा आता नको, त्याला ट्रिम म्हणतात, आणि ती ड्राइव्ह स्वतःच आतून साफ करून घेते. मग ह्यांना आठवलं की फोटो आधी डी वर होते, तिथून डेस्कटॉपवर हलवले होते. तेव्हा त्यानं डी वर सॉफ्टवेअर चालवलं.

निघालं बरंच काही, पण नावं नाहीत, नुसते आकडे. गुड मॉर्निंगची फुलं, कुणाकुणाची आधार कार्डं, लग्नातले फोटो, आणि त्यातच मधे एखादं पान. मी आणि मामा संध्याकाळी बसून ते निवडायचो. काही पानं पूर्ण मिळाली. काहींचा वरचा भाग तेवढा चांगला आणि खाली सपाट राखाडी पट्टा, कारण तेवढ्या जागेवर दुसरी फाईल येऊन बसली होती. अशा एका पानावर वर चाल लिहिलेली, खाली अभंगाच्या दोन ओळी, पुढं राखाडी. मामा म्हणाले ही मला येते, आणि म्हणायला लागले, पहिली ओळ बरोबर गेली, दुसरीला कुठल्या तरी वेगळ्याच चालीत शिरले, थांबले, परत सुरुवात केली, परत तिथंच. मग म्हणाले पुढचं दाखव.

तेव्हा मला अभंग गाथेत मिळतात की असं कृपया सांगू नका. माहीत आहे. पण त्या वहीत कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, इथं टाळ थांबवणे, हा एकादशीला उभ्यानं म्हणणे, ही चाल यळ्ळूरच्या बुवांकडून घेतली. ते कुठल्या गाथेत आहे?

मीच पूर्वी म्हणायचे की खोकं आलं तरी माणसं न वाचता यस दाबतात, बंद असलेलं बरं. अजूनही हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण फाईल बिनमध्ये जाणार असेल तर ते खोकं बिनमध्ये हलवायचं का असं विचारतं आणि कायमची जाणार असेल तर कायमची डिलीट करायची का असं विचारतं, वाक्यच वेगळं असतं. नणंदेनं ते वाचलं असतं का? कधी वाटतं वाचलं असतं, तिला इंग्रजी चांगलं येतं. कधी वाटतं घाईत होती. तिच्याशी हे मी कधी बोललेले नाही आणि मनात राग अजिबात नाही असंही नाही.

बिन भरलेली का, तर तिची मर्यादा मी मुद्दाम वाढवलीय, मर्यादा संपली की सगळ्यात जुन्या फायली ती आपणहून काढते. सेटिंग्जमध्ये स्टोरेज सेन्स म्हणून असतं, ते चालू केलं की बिनमधलं 30 दिवसांनी आपोआप जातं, ते मी बंद ठेवलंय. तुमच्या पेनड्राइव्हला तर बिन नसतेच, म्हणून तुमचा पेनड्राइव्ह लावलेला असताना मी तुम्हाला डिलीट करू देत नाही, त्याचा राग येतो काहींना, येऊदे.

उरलेल्या पानांची एक कॉपी आता वेगळ्या डिस्कवर आहे आणि ती डिस्क निपाणीला नणंदेकडेच ठेवलीय, ती स्वतःहून म्हणाली माझ्याकडे दे म्हणून. भाचा म्हणतो, बॅकअप आहे ना मग ते खोकं आणि बिन कशाला पाहिजे मामी. त्याचं बरोबर असेल. मी बंद करणार नाही.