बॉल पायाच्या खाली असला की

पहिलं दीड वर्ष मी गोल्फ फक्त रेंजवरच, म्हणजे सरावाच्या मैदानावरच, खेळले. हिरवी मॅट, एकदम सपाट, बॉल हवा तिथे ठेवायचा आणि मारायचा. सात नंबर आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) सरळ जायला लागलं तेव्हा मला खरंच वाटलं की आता जमलं. मग एका रविवारी पुण्याच्या पश्चिमेला डोंगरात ऑक्सफर्डचं जे कोर्स आहे तिथे गेले, आणि टी (प्रत्येक होलचा पहिला शॉट मारायची जागा) सोडली तर दोन्ही पाय एका पातळीत आहेत असा शॉट अख्ख्या १८ होलमध्ये मोजून चार-पाच वेळा मिळाला. बाकी सगळीकडे एक पाय वर, एक खाली, नाहीतर बॉल गुडघ्याकडे आलेला, नाहीतर खाली खड्ड्यात बघितल्यासारखा. हे मला कुणी शिकवलंच नव्हतं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण खरं गोल्फ हेच आहे.

त्या दिवशी बॅग उचलायला जे कॅडी काका बरोबर होते त्यांनी तिसऱ्या होलला बॅग खाली ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, सरळ उभ्या राहू नका. जमीन जशी आहे तशा उभ्या राहा." मग क्लब माझ्या खांद्यांवर आडवा धरून त्यांनी खांदे उताराला समांतर करून दाखवले. एवढंच. पण पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

(मी राइट हँडेड आहे, त्यामुळे खालचं डावं-उजवं तसं धरा. लेफ्ट हँडेड असाल तर उलट.)

चढावर बॉल उंच जातो आणि आखूड पडतो. खांदे चढाला लावले की चढाचा जेवढा कोन तेवढा क्लबचा लॉफ्ट, म्हणजे फेस (बॉलला लागणारी बाजू) मागे झुकल्याचा कोन, वाढतो. लागोपाठच्या दोन आयर्नमध्ये साधारण ४ अंशांचा फरक असतो, म्हणजे ४-५ अंशांचा चढ असला की हातातलं सात नंबर आठ नंबर झालेलं असतं. म्हणून एक क्लब मोठा घ्यायचा (सातऐवजी सहा नंबर), चढ जास्त असेल तर दोन. शिवाय वजन मागच्या पायावर राहतं, पुढे येत नाही, हात लवकर वळतात आणि बॉल डावीकडे जातो, तर निशाणा थोडा उजवीकडे.

उतारावर सगळं उलटं होतं. लॉफ्ट कमी, बॉल खालून जातो, पडल्यावर पळतो, आणि शक्यतो उजवीकडे सरकतो. क्लब लहान घ्यायचा, बॉल स्टान्समध्ये (दोन पायांच्या मधे) जरा मागे. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे बॉल वर उचलायला जाणं, मग क्लब आधी मागच्या जमिनीत जातो किंवा बॉल टॉप होतो, म्हणजे क्लब त्याच्या डोक्यावर लागतो. मारल्यावर क्लब उताराच्या बाजूने खाली जाऊ द्यायचा आणि तोल गेलाच तर उजवा पाय पुढे टाकून दोन पावलं चालत जायचं. मी आता मुद्दाम तसंच चालते.

बॉल पायांपेक्षा वर असेल तर क्लबची मूठ इंच-दीड इंच खालून धरायची, जरा उंच उभं राहायचं, आणि उजवीकडे निशाणा. किती उजवीकडे, इथे लोक फसतात. क्लबचं टोक वर उचललं गेलं की फेस डावीकडे बघायला लागतो, आणि लॉफ्ट जितका जास्त तितका जास्त. मी घरी बसून हिशोब केला: १० अंशांच्या आडव्या उतारावर ४५ अंशांच्या वेजचा (जवळच्या शॉटचा छोटा क्लब) फेस जवळजवळ १० अंश डावीकडे वळतो, आणि २० अंशांच्या हायब्रिडचा (लांबच्या शॉटचा क्लब) साडेतीनच्या आसपास. १०० यार्डांवर १० अंश म्हणजे १७-१८ यार्ड! ग्रीनच (झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) चुकलं. म्हणजे ज्या छोट्या क्लबवर आपला जास्त भरवसा, तोच इथे जास्त फिरतो.

मास्टर्स ही अमेरिकेतल्या ऑगस्टा कोर्सवरची मोठी स्पर्धा बघताना तिथलं तेरावं होल नीट बघा. पार ५ (पाच शॉटमध्ये संपवायचं), डावीकडे वळणारं, फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या पट्ट्याच्या) उजव्या बाजूला बॉल पायांपेक्षा बराच वर असतो, आणि डावीकडे, ग्रीनसमोरसुद्धा, ओढा. उताराने डावीकडे जाणारा शॉट आणि डावीकडेच पाणी. २०२३ ला टी मागे नेऊन हे होल ५१० वरून ५४५ यार्डांचं केलं, म्हणजे त्याच उतारावरून आता आणखी मोठा क्लब मारायचा. टीव्हीवर जमीन सपाट दिसते म्हणून आपल्याला वाटतं की एवढा विचार काय करतात हे लोक.

आणि बॉल पायांच्या खाली. माझ्यासाठी सगळ्यात अवघड हाच. बॉलच्या जवळ उभं राहायचं, पाय जरा फाकवून, क्लब पूर्ण लांबीला धरायचा, कमरेतून वाकायचं, गुडघे मोडायचे आणि मुख्य म्हणजे शॉट संपेपर्यंत ते गुडघे तसेच ठेवायचे. जरा उठलं की बॉलच्या डोक्यावर बसतो. बॉल उजवीकडे जाणार हे धरून डावीकडे निशाणा, स्विंग पाऊणच. पूर्ण ताकदीने मारायचा मोह होतो पण तोल राहत नाही, आणि पावसाळ्यात ओलं गवत असलं तर पायच सरकतो. पाय घट्ट रोवायला नियमात परवानगी आहे, पण माती खणून किंवा दगड लावून उभं राहायला सपाट जागा करता येत नाही.

आता मी बॉलशेजारी तसाच उतार शोधून आधी दोन प्रॅक्टिस स्विंग करते आणि क्लब गवताला कुठे लागतो ते बघते. चढ असो की उतार, तो बहुतेक वेळा वरच्या पायाच्या बाजूला लागतो, बॉल तिथेच ठेवल्यासारखं उभं राहायचं. टीवरून मारतानाही पूर्वी फक्त लांबी बघायचे, आता काकांना विचारते, "सपाट कुठे आहे?" परवा बाराव्याला त्यांनी १७० यार्डांवरचा एक पट्टा दाखवला. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) बॅगेत ठेवला, हायब्रिड मारला, बॉल तिथेच थांबला आणि दुसरा शॉट दोन्ही पाय सारखे ठेवून मारला.