आमच्या नोंदवहीत खाडीच नव्हती

पावसाळाभर काकीच्या मागे फिरून त्रेचाळीस झाडं लिहून काढली. भारंगी, फोडशी, टाकळा, कुड्याची साल. ते काम सोपं गेलं. अडलं ते पंचायतीत, ती गावच्या नोंदवहीत घालायची म्हटल्यावर.

"लोक जैवविविधता नोंदवही झालेली आहे," म्हणून मला परत पाठवलं. गावातली झाडं, जीव नि त्यांच्याबद्दलचं लोकांचं ज्ञान लिहून ठेवायची ही वही. दाखवा म्हटलं तर चावी नाही. मग साहेब मीटिंगला. मग पुढच्या सोमवारी या. पाच फेऱ्या झाल्या. सहाव्यांदा लेखी अर्ज देऊन पोच घेतली (तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा), तेव्हा कपाट उघडलं. राष्ट्रीय हरित लवादानं या नोंदवह्यांना ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली होती, त्या घाईत कुणीतरी करून दिलेली वही. आमच्या गावात तेंदूपत्ता गोळा करतात, असं तिच्यात लिहिलेलं. सिंधुदुर्गात, खाडीकाठी! आणि रोज दारातून दिसणारी खारफुटी, तिवर, कांदळ, चिपी, काहीच नाही. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात पानोपानी एकच नाव. हात थरथरत होते माझे.

दुरुस्तीला जैवविविधता व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो. २००२ च्या कायद्यानं ही समिती गावोगाव असायची. आमच्याकडे दोघी बायकांना आपण तिच्यात आहोत हेच ठाऊक नव्हतं. घरोघर जाऊन मी त्यांना सांगितलं, तेव्हा कुठे गणपतीनंतर बैठक झाली आणि पुरवणी जोडायचं ठरलं.

शास्त्रीय नावावरूनही अडवतात. फुलाफळासकट फोटो काढा, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांना दाखवा, अंदाजानं काही लिहू नका. माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, बांधायची कवंडळ, कांगण्या, शेरवड ही वेगळी नोंदवा. माटवीला लागतात म्हणून तर लोकांनी ती वईत, झाडाझुडपांच्या कुंपणात, राखली. चिऱ्याचं कंपाउंड आलं की कवंडळाचा वेल जातो, मग चतुर्थीला बाजार गाठायचा.

हो, आणि औषधाचं लिहायच्या आधी सांगणाऱ्याला विचारा. काकी म्हणाली, "औषध सांगलां काय गुण जाता." म्हणून झाड कुठलं, कधी मिळतं एवढंच लिहिलं, किती नि कशात उगाळायचं ते तिच्यापाशीच राहिलं. अशी माहिती गुप्त ठेवायची सोय आहे, ती मागून घ्या.

पुरवणीत काकीचं नाव आलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं. "म्हायेरचांय नाव घाल. ह्यां सगळां माका आयेन शिकयलां."

घातलं.