डावी तार

नाथसागरावरच्या एका प्रशिक्षण संस्थेची ती चौदा फुटी फायबरची शिडाची बोट. वारा उजवीकडून असला की झकास चालते, डावीकडून आला की डोलकाठी कलते, एवढीच तक्रार. ॲल्युमिनियमची डोलकाठी तीन तारांवर उभी असते, एक नाळेकडे म्हणजे पुढच्या टोकाला, दोन बाजूंना. विजेच्या खांबाला ताण देतात ना, अगदी तसंच.

शीड चढवायच्या दोरीला मोजायचा टेप बांधून तो शेंड्यापर्यंत ओढला आणि दोन्ही बाजूंच्या तारांच्या बुडापर्यंत मोजलं. सारखं. पायथ्याशी उताणा पडून शिडाच्या खाचेतून वर डोळा लावला, काठी सरळ. ताण मोजायचं गेज लावलं, दोन्हीकडे काटा एकाच आकड्यावर. आधीचा कारागीर इथंच थांबायचा आणि तक्रार आली की दोन्ही टर्नबकल, म्हणजे तार ताणायचे स्क्रू, आणखी आवळायचा. त्यापायी काठीच्या बुडाभोवती डेकला तडे गेले होते. त्याचा मला अजून राग आहे.

दुपारी वारा धरल्यावर बोट पाण्यात घेतली. वाऱ्याच्या आडोशाची तार थोडी सैल पडतेच, त्यात वावगं काही नाही. पण वारा डावीकडून घेताच उजवी तार चक्क लोंबायला लागली. बोट वळवून वारा उजवीकडून घेतला, तर डावी जेमतेम सैल. म्हणजे भार आला की डावी तार लांबत होती.

काठावर येऊन दोन्ही तारांवर गुंडाळलेली चिकटपट्टी सोडली. उजवीत १९ जाड तारांचा एकच पीळ. डावीत सात पेड आणि दर पेडात केसासारख्या १९ तारा. जाडी दोन्हींची ३ मिमी, चकाकीही तीच. पण डावी तार कप्पीवरून फिरायला, वाकायला बनवलेली. भाराखाली तिचे पेड एकमेकांत दबतात. उभ्या बोटीत गेजला ते कळायचं कसं?

“तार तर नवीकोरी हाय की, साहेब,” बोट सांभाळणारे मामा म्हणाले. नवीच होती. खरेदीच्या कागदावर ‘स्टेनलेस तार, ३ मिमी’ एवढंच. सगळ्यात कमी दर, बिल पास. ज्यांनी सही केली त्यांनी तार हातात धरूनही पाहिली नसेल.

संभाजीनगरला चौकशी केली, तर बाजारात हीच मऊ तार. दुसरी मुंबईहून मागवायची, तोवर पोरांचा सराव बंद. मामा म्हणाले, “मग दोन्हीकडं हीच लावा. सारखी तरी राहील.”

मी नाही म्हणालो. जलाशय पसरट आणि उथळ, लाट आखूड आणि ठोकणारी. सैल काठीला दर लाटेला हिसका बसतो आणि तो बुडाच्या तड्यांवरच उतरतो. पण मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. मंद वाऱ्यात तेवढ्यावर भागलं असतं. आमच्याकडे धरण भरलेलं असण्याचे महिने मुळात मोजके, त्यातले काही माझ्या एका नकारानं गेले. तडे नसते तर मी हो म्हणालो असतो का, हे अजून ठरत नाही.

मागणीपत्र मात्र मीच लिहिलं: ‘१×१९ (१९ तारांचा एकच पीळ), ३ मिमी, स्टेनलेस ग्रेड ३१६, दोन्ही बाजू एकदम बदलणे.’ दर विचारायच्या आधी तारेचं टोक उकलून पाहा, हेही त्यात घातलं.